जिभाऊंच्या पडवीत सापडलेला तुंबा, ही खूण कोणाच्या घरची?

माहेरवाशीण:

मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, वेळ काढून वाचा. आखाजीला माहेरी गेले होते, काल रात्री पुण्याला परतले, झोप काही येत नाहीये.

यंदा आमच्या बाबांची पहिली घागर होती. बाबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. पौषात गेले, नव्वदी ओलांडलेली होती. घरात बाबा आणि बाकी सगळ्या गावाला जिभाऊ. आमचं गाव चोपडा तालुक्यात, एका बाजूला तापी, दुसऱ्या बाजूला सातपुडा, आठवडे बाजार मोठा भरतो म्हणून शहरात गणायचं इतकंच. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे आखाजीला (अक्षयतृतीयेला) नवी मातीची घागर भरतात, वर डांगर (खरबूज) ठेवतात, सांजोऱ्या ठेवतात आणि पुरणपोळी-आमरसाची आगारी निखाऱ्यावर टाकतात, पितरांच्या नावाने. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. एकाच दिवशी झोका पण आणि पितर पण. लहानपणी हे काही विचित्र वाटायचं नाही. या वर्षी मात्र अंगणात पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, आत पप्पा बाबांच्या नावाने तूप सोडत होते, आणि तो झोक्याचा पाट बाबांनीच रंधा मारून केलेला. मला आत थांबवेना आणि बाहेर पण जाववेना.

बाबा सुतार. बैलगाडी, वखर, तिफण, नांगर, पाळणे, चौरंग, दारं, चौकटी सगळं करायचे, पण नाव गाडीच्या चाकासाठी होतं. यावल, धरणगावकडून लोक यायचे. आमच्याकडे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) वर्ष आखाजीला सुरू होतं, मृग तोंडावर आलेला असतो, म्हणून चैत्र-वैशाखात पडवीसमोरच्या लिंबाखाली ही गर्दी. चाक म्हणजे काय दुकानातून उचलून आणायची वस्तू नाही, एकेक आरा तासून तुंब्यात (चाकाच्या मधल्या ठोकळ्यात) बसवायचा, हलला की काढायचा, परत तासायचा. शेतकऱ्याने घाई केली की बाबा मान वर न करता म्हणायचे, "चाक तुन्हासाठे नही, बैलसाठे करी राह्यनू." मग तो माणूस गपचूप बसायचा, दुसरा यायचा, तोही बसायचा. आणि हे बसणंच महत्त्वाचं होतं असं मला आता वाटतंय. लोक म्हणतात जिभाऊ गावचे पुढारी होते, दोनदा पंचायतीत निवडून आले, तंटे मिटवले वगैरे. ते खरंच आहे. पण त्यांनी कधी बैठक बोलावली असं मला आठवत नाही. ज्या दोघांचा बांधावरून वाद आहे ते दोघंही मृगाच्या आधी चाक घेऊन त्याच लिंबाखाली येणारच, कारण दुसरा सुतार नव्हता. बाबा त्यांना काही बोलायचे नाहीत. ओंडका तिरपा लावायचे, मोठी दोन मुठींची करवत काढायचे आणि एक मूठ याच्या हातात, दुसरी त्याच्या हातात. ज्यांनी ती करवत चालवलीय त्यांना माहीत असेल, ती ढकलायची नसते, आपल्याकडे ओढायची आणि मग हात सैल सोडायचा म्हणजे समोरचा ओढतो. एकाने जरी राग काढायला ढकललं तरी पातं वाकतं आणि दोघंही अडकतात. मी आठ-नऊ वर्षांची होते तेव्हा दोन सख्खे चुलतभाऊ असे तासभर एकमेकांशी न बोलता करवत ओढताना बघितलेत. शेवटी एक जण म्हणाला, "थांब, घाम पुसू दे." ते त्यांचं चार वर्षांतलं पहिलं वाक्य होतं असं मोठी माय सांगते. (मोठी माय म्हणजे आजी. आहे अजून, खणखणीत.)

आता मूळ मुद्दा. घागरीचा कार्यक्रम झाल्यावर पप्पा म्हणाले पडवी आवरू. हत्यारं सगळी तिथेच, वाकस, पटाश्या, किकरं, गिरमीट, गुण्या. त्या हत्यारांच्या फळीवर एक जुना चाकाचा तुंबा आहे. बाभळीचा, काळाभोर झालेला, आऱ्यांची बारा भोकं. तो मी जन्मापासून बघतेय. दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा बाबा त्याला तेल लावायचे आणि मी हळदकुंकू लावायचे, मला वाटायचं तो पण एखादा देवच. या वेळी हातात घेऊन नीट पुसला तर एका बाजूला पटाशीने कोरलेली खूण निघाली. तीन उभ्या रेघा आणि त्यांच्याखाली अर्धा चंद्र.

पप्पांना विचारलं तर ते म्हणाले बहात्तरची गाडी आहे ही, एकटी राहिलेली.

बहात्तरचा दुष्काळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरात ऐकला असेल, सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं. आमच्या गावात तेव्हा बाहेरचे व्यापारी फिरायला लागले. बैल विकून झालेले, चारा नाही, मग रिकामी गाडी घरात ठेवून काय करणार. व्यापारी गाडी जळणाच्या भावाने घ्यायचे आणि धावेचं (चाकावरच्या पट्टीचं) लोखंड वजनावर. बाबांनी स्वतः केलेल्या गाड्या डोळ्यांसमोर फोडलेल्या बघितल्या. दोन-तीन गेल्यावर ते घरोघर गेले. ज्यांच्या विहिरींना थोडं पाणी होतं अशा पाच-सहा घरांकडून त्यांनी ज्वारी उसनी घेतली, जामीन स्वतः राहिले, आणि ज्याची गाडी विकायला निघालीय त्याला सांगितलं की गाडी माझ्या पडवीत टाक, व्यापारी देतोय तेवढ्याची ज्वारी घेऊन जा, पाऊस पडला की ज्वारी परत कर आणि गाडी घेऊन जा. पडवी आणि मागचा वाडा मिळून बावीस गाड्या झाल्या, सगळ्या सुट्या करून रचलेल्या. १९७३ ला पाऊस बरा झाला, लोक येत गेले, गाड्या नेत गेले. एकवीस गेल्या. बावीसावी कोणी न्यायलाच आलं नाही. तिचे आरे, पुठ्ठे (चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे) वाळवीने खाल्ले, एक तुंबा तेवढा राहिला आणि तो बाबांनी पन्नास वर्षं तेल लावून सांभाळला.

कोणाची ते बाबांनी पप्पांना कधी सांगितलं नाही, पप्पा तेव्हा सहा वर्षांचे होते. मोठी मायला विचारलं तर तिने तोंड फिरवलं. तिचा त्या बाबतीत राग आहे तो वेगळाच, तो खाली कधीतरी लिहीन.

फोटो टाकलाय. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवाल का? चोपडा, यावल, शिरपूर, अमळनेर, कुठलेही असा. ही वस्तू ज्यांची आहे त्यांच्या घरी गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतंय.

---

धरणगावकर:

ताई, भलतं भारी लिखं. डोयामा पानी उनं. मन्हा आजोबा बी तुम्हना गावले चाक भराले येत, अशी माय सांगस.

फोटो आईला दाखवला, खूण ओळखत नाही म्हणाली, पण जिभाऊंचं नाव काढल्याबरोबर उठून बसली. तिचा पाळणा त्यांच्याकडचा होता. त्याच पाळण्यात आम्ही चौघं भावंडं, आता माझी मुलगी. एक खिळा नाही त्यात, सगळ्या लाकडाच्या खुंट्या.

---

ऐरण:

माझे वडील लोहार, अडावदचे. जिभाऊंनी चाक उभं केलं की धाव चढवायला वडील जायचे, मी भाता ओढायला सोबत. ताईंनी सुतारकाम लिहिलं, मी पुढचं लिहितो, कारण हे बघितलेले लोक आता कमी राहिलेत.

लाकडी चाक तयार झालं म्हणजे मधे तुंबा, त्यात बारा आरे, बाहेर सहा पुठ्ठे, एकेका पुठ्ठ्यात दोन आरे. हे सगळं नुसतं एकमेकांत बसवलेलं असतं, जोरात आपटलं तर सुटेल. त्याला आवळून धरते ती धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी. ती पट्टी चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात. किती लहान, यातच सगळी कला. मोठ्या चाकाचा घेर चौदा-पंधरा फूट असतो. लोखंड ५०० अंशापर्यंत तापवलं तर एवढ्या लांबीला साधारण इंचभर वाढतं, हे मी नंतर पॉलिटेक्निकला शिकलो, वडिलांना आणि जिभाऊंना ते दोरीने मोजून माहीत होतं. धाव जमिनीवर आडवी ठेवायची, खालीवर गोल गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या. लाल झाली की तीन-चार जणांनी सांडश्यांनी उचलून चाकावर टाकायची, घणाने ठोकून बसवायची, लाकूड पेटायला लागतं तोवर कळशीने पाणी. धूर, वाफ, डोळे चुरचुरणार. आणि त्या वाफेत चाकातून आवाज येतो. धाव आवळते तसे सगळे आरे एकेक करून तुंब्यात घट्ट सरकतात, कर्र, कर्र, कर्र. जिभाऊ त्या वेळी कोणाला बोलू द्यायचे नाहीत. डोळे मिटून मोजायचे. बारा आवाज आले की हात वर करायचे आणि मग बायका परत बोलायला लागायच्या.

एकदा अकराच आले. सगळे म्हणाले जाऊ द्या जिभाऊ, बसलंय चाक. त्यांनी छिन्नीने धाव तोडायला लावली. वडिलांची दिवसभराची मेहनत होती, वडील चिडले. जिभाऊंनी वडिलांना दोन दिवसांची मजुरी दिली आणि शेतकऱ्याकडून एक पैसा जास्त घेतला नाही.

खूण मात्र मला माहीत नाही. तुंब्याच्या आत लोखंडी नळी असेल तर तिचा फोटो टाका, आमच्या वडिलांचा ठोका असेल तर मी ओळखीन.

---

माहेरवाशीण:

ऐरणदादा, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. बारा आवाज! मी रडतेय हे वाचून. बाबा म्हातारपणी ओट्यावर बसले की बोटांनी खाटेच्या काठावर टक टक मोजायचे, आम्हाला वाटायचं जप करतायत.

नळीचा फोटो पप्पांकडून मागवते.

---

शिरपूरची सून:

माझं माहेर याच गावातलं, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गल्लीत कानबाई (खानदेशातली देवी) बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी, रोट असतात त्या दिवशी. कानबाईचा चौरंग जिभाऊंनी केलेला. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला डोक्यावर चौरंग घेऊन नाचत नदीवर जातात, वजन खूप असतं, म्हणून पुरुषच उचलायचे. १९८९ ची गोष्ट असेल, मी दहावीत होते, जिभाऊंनी नवा चौरंग आणून ठेवला. सागाचा, पण पाट आतून पोखरून हलका केलेला, खाली कळणार पण नाही असा. म्हणाले हा बायांच्या डोक्यासाठी केला. त्या वर्षी माझ्या आईने कानबाई डोक्यावर घेतली. गल्लीतल्या काही मोठ्या माणसांना आवडलं नव्हतं, पण जिभाऊ मिरवणुकीत आईच्या शेजारून चालत नदीपर्यंत गेले, एक शब्द न बोलता, मग कोण काय बोलणार. आई जाऊन सहा वर्षं झाली, अजून त्या मिरवणुकीचा फोटो आमच्या देवघरात आहे.

---

डोंगरपायथा:

मी याच गावचा. ताई, तुम्ही मला ओळखत असाल, नाव लिहीत नाही. सगळे चांगलंच लिहितायत म्हणून दुसरी बाजू पण लिहितो, राग मानू नका.

तुमचे बाबा आणि माझे आजोबा एकमेकांशी बोलायचे नाहीत. अकरा वर्षं, आजोबा जाईपर्यंत. कारण बस स्टॉप. आजोबांचं म्हणणं, स्टॉप चौकात पाहिजे, तिथे आमचं दुकान होतं हे खरंय, पण बाकीची दुकानंही तिथेच होती. जिभाऊंचं म्हणणं, बाजारच्या दिवशी सातपुड्यातून पावरा आदिवासी लोक डोक्यावर मोळ्या, टोपल्या घेऊन चालत येतात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात तर लेकराबाळांसह, स्टॉप उत्तरेच्या रस्त्यावर पाहिजे. जिभाऊंनी पंचायतीत ठराव मंजूर करून घेतला. आजोबांचं दुकान त्यानंतर बसलं. माझ्या वडिलांचं कॉलेज त्यात सुटलं. आमच्या घरात हे दुखणं आहे, ते खोटं नाही.

पण हेही खरं की त्या अकरा वर्षांत आमच्या गाडीचं चाक दुसऱ्या कोणाकडे गेलं नाही. आजोबा स्वतः जायचे नाहीत, सालदाराला पाठवायचे. जिभाऊ पण सालदारालाच सांगायचे, "मालकले सांग, डावा बैल जास्त ओढस, जू बदल." आणि आजोबा जू बदलायचे. वडील म्हणतात, एवढाच काय तो बोलण्याचा संबंध होता दोघांचा.

आता खुणेबद्दल. वडील ७८ वर्षांचे आहेत, बहात्तरला जवान होते, गाड्या रचायला मदत केली होती. फोटो बघून लगेच बोलले. जिभाऊंनी गाड्यांवर नावं लिहिली नाहीत, का, तर पडवी रस्त्यावर, येणारा-जाणारा वाचणार, कोणाकोणाची गाडी घरातून गेली ते गावभर होणार. म्हणून खुणा. खूण शेतावरून. विहिरीवाल्याला गोल, टेकडीवाल्याला त्रिकोण. अर्धा चंद्र म्हणजे नाला जिथे वळतो त्या वळणातलं शेत. आणि उभ्या रेघा म्हणजे कितवा भाऊ. त्या वळणात तीन भावांची वाटणी होती, थोरल्याची एक रेघ, मधल्याची दोन. पहिले दोघं गाड्या घेऊन गेले, गावातच वारले. तिसरा, धाकटा, बायको आणि एक तान्हं पोर घेऊन सुरतेला गेला होता. परत आला नाही. शेत नंतर भावांकडेच राहिलं.

नाव वडिलांना माहीत आहे, इथे लिहू नको म्हणाले.

---

माहेरवाशीण:

राग कसला मानायचा. उलट थँक्यू. बस स्टॉपचं मला फक्त अर्धं माहीत होतं, आमच्या घरात "आपण जिंकलो" असंच सांगितलं जायचं. तुमच्या वडिलांच्या कॉलेजचं आज कळलं. पप्पांना वाचून दाखवलं फोनवर, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले त्यांच्याकडे जाऊन येतो. खरंच जातील ते.

नावं न लिहिण्याचं कारण वाचून मी उठून खिडकीत जाऊन उभी राहिले. चाळीस वर्षांचा सुतार माणूस, शिक्षण चौथी, स्वतःच्या घरात पाच खाणारी तोंडं, आणि त्याला हे सुचलं की शेजाऱ्याची लाज झाकायची तर अक्षर वापरायचं नाही.

आता मोठी मायचा राग लिहिते, कारण तो पण यातच आहे. उसनी आणलेली सगळी ज्वारी परत आली नाही. ज्यांचं पीक पुढच्या वर्षी पण आलं नाही, त्यांच्याकडे बाबांनी मागितली नाही. पण जामीन तर स्वतः होते. मग त्या बागायतदारांच्या घरी बाबांनी तीन वर्षं नांगर, तिफणी, दारं-खिडक्या बिनमजुरीच्या केल्या, फेड म्हणून. त्या तीन वर्षांत माझ्या आत्याचं लग्न होतं. मोठी मायने स्वतःच्या पाटल्या मोडल्या. ती अजून म्हणते, "गावना जिभाऊ, घरना कोन?" आणि तिचं बरोबर आहे. मी लहान असताना बाबांची बाजू घ्यायचे, आता घेत नाही. घर तिनेच तगवलं, शेण थापून गोवऱ्या विकल्या. ऐरणदादा, तुमच्या वडिलांच्या धावेखाली ज्या गोवऱ्या जळायच्या त्यातल्या काही तिच्या असतील.

---

ऐरण:

नक्की असतील. नळीचा फोटो मिळाला, आमच्या वडिलांचाच ठोका आहे, काठावर दोन टिंबं. १९७० च्या आधीचं काम.

ज्यांनी विचारलं की चाकं का बंद झाली, त्यांना: डनलॉप गाड्या आल्या, रबरी टायरच्या. ओढायला हलक्या, बैलाला खरंच बऱ्या. जिभाऊंनी सुरुवातीला नाही म्हटलं, पण एकदा स्वतः जुवाखाली खांदा घालून दोन्ही गाड्या ओढून बघितल्या आणि दुसऱ्या दिवसापासून टायरच्या गाडीच्या साट्या (वरचे लाकडी सांगाडे) करायला लागले. वडिलांचा धंदा गेला त्यात, त्यांचा अर्धा गेला. तरी त्यांनी कोणाला लाकडी चाक घे म्हणून आग्रह केला नाही.

---

धरणगावकर:

जिभाऊंचे वडील फैजपूरच्या काँग्रेसला कामाला गेले होते म्हणतात, खरं का? आई सांगत होती.

---

माहेरवाशीण:

हो, पणजोबा. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच सामानाने सगळी सजावट उभी केली होती, त्यात आसपासचे सुतार, बुरूड लावले होते. बाबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे, पणजोबांच्या खांद्यावर बसून बैलांचा रथ बघितला म्हणायचे. रथाबद्दल विचारलं की नेहरूंचं काहीच सांगायचे नाहीत, बैल किती होते आणि जू कशी बांधली होती तेवढंच.

---

उधनावाला:

नमस्कार. हा धागा मला नंदुरबारच्या मित्राने पाठवला. पहिल्यांदाच इथे लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या, शाळा गुजरातीत झाली.

आम्ही सुरतेत उधन्याला राहतो. इथे आमच्या पट्ट्यात सगळे खानदेशीच आहेत, अहिराणीच ऐकू येते. आजोबा बहात्तर साली आले, लूमवर लागले, २००४ ला वारले. ते तिघांत धाकटे होते. गावाचं नाव चोपडा तालुक्यातलंच, नाल्याजवळ शेत होतं एवढं माहीत.

आजी आहे. तिला आता नीट दिसत नाही. काल रात्री मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला, तिला काही कळेना. मग मी तिचा तळहात धरला आणि बोटाने काढून दाखवलं. एक रेघ, दोन रेघ, तीन रेघ, खाली अर्धा चंद्र. तिने मूठ मिटून घेतली. म्हणाली, "आमनी गाडी शे ती."

मग रात्री दोन वाजेपर्यंत बोलत होती. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या गाडीतून ती लग्न होऊन सासरी आली होती. गाडी पडवीत टाकली त्या दिवशी जिभाऊंनी तिला विचारलं होतं, आजोबांना नाही, तिला, की काही ठेवायचंय का यातलं. तिने जुवाच्या दोन शिवळा (बैलाच्या मानेशी जुवात घालायच्या खुंट्या) मागून घेतल्या. त्या अजून आमच्या घरी आहेत! माळ्यावर होत्या, आम्ही कपडे वाळत घालायची दोरी बांधायचो त्यांना. आज धुऊन देवापाशी ठेवल्या.

परत का नाही गेलात विचारलं तर म्हणाली, दोन मण ज्वारी देणं होतं, ती जमली नाही, आणि जमली तोवर आजोबांची लाज मोठी झाली होती. आजोबा दर वर्षी म्हणायचे या आखाजीला जाऊ. शेवटपर्यंत म्हणायचे.

आता आजी हट्ट धरून बसलीय. दोन मण दादर (रब्बीची ज्वारी) घेऊन जायची, नुसता हात हलवत जायचं नाही. मी म्हटलं आता कोण घेणार, पन्नास वर्षं झाली, त्या ताई रागावतील. ऐकत नाही. कालपासून नीट जेवली नाही. काय करू सांगा. ताई, तुम्ही फोनवर तिला सांगाल का, की नको म्हणून?

---

डोंगरपायथा:

वडिलांना वाचून दाखवलं. तेच घर. वडील म्हणतात, त्या तान्ह्या पोराला जाताना अंगावर ताप होता, तो जगला का विचार.

---

उधनावाला:

जगले. ते माझे पप्पा. इथे शेजारी बसलेत, हेच वाचतायत.

---

माहेरवाशीण:

मी तीनदा लिहून खोडलं.

दादा, मी आजीला "नको" सांगणारच होते. पण आधी मोठी मायला फोन लावला, सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती म्हणेल राहू दे त्या गरीब बाईला. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "येऊ दे. दादर बी लई (घेऊन) येऊ दे. मापीसन घेसू मी." मी म्हटलं अगं मोठी माय, काय हे. तर माझ्यावरच ओरडली. म्हणाली तिने पन्नास वर्षं डोक्यावर वागवलंय ते ओझं, माझ्या दारात उतरवायला येतेय, आणि तू तिला सांगतेस परत उचलून घेऊन जा?

तेव्हा आजीला सांगा, दादर घेऊन या. त्यातल्या पायलीभराच्या भाकरी त्या दोघी मिळून करतील असं ठरलंय आमच्याकडे, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) कराव्या की नुसत्या दादरच्या यावरून मोठी माय आणि आईत आत्ताच वाद सुरू आहे. वांगी भरिताची मिळाली तर बघते, दिवस नाहीत त्यांचे.

तापीच्या लाइनवरची अमळनेरला थांबणारी गाडी धरा, तिथे उतरा, पप्पा जीप घेऊन स्टेशनवर असतील. आजींना खाट टाकून आणू, काळजी नको. ऐरणदादा, तुम्हीही या, धावेचा तेवढा तुकडा पप्पांना मागच्या वाड्यात सापडलाय, तोही तुमच्या वडिलांचाच वाटतो. आणि डोंगरपायथा, तुम्ही तर गावातच आहात, वडिलांना घेऊन या. लिंब आहे अजून, सावली भरपूर आहे.

आणि दादा, त्या शिवळा आणायला विसरू नका. तुंब्याला आज तेल लावून ठेवायला सांगितलंय.